कलम तीन आणि दाताचा डॉक्टर

२ मार्च
शाळेत गणिताचे मास्तर म्हणाले होते, हा मुलगा एक तर देश चालवील, नाहीतर नुसता बोलत राहील. पहिला भाग खरा व्हायची वेळ आली. आज संसदेच्या निवडणुकीचा अर्ज भरला. नाव आणि आडनाव उलटसुलट लिहिलं म्हणून खिडकीतल्या कारकुनाने एकदा परत दिला. त्याचं पद माझ्या कलम नऊने रद्द होतं. त्याला सांगितलं नाही.

घटनादुरुस्तीचा जाहीरनामा तयार. अकरा कलमं, गाभा एकच: कोणी कोणाला अडवायचं नाही. लाडकं कलम तीन: 'कोणताही नागरिक कुठे जातो, कोणाला भेटतो, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.'

बायकोचं मत धरलेलंच आहे. बाकीची मिळवायची.

५ मार्च
कलम पाच: सगळी लायसन्स रद्द. बायको म्हणाली, अहो, मग आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येणार कोण? म्हटलं, लोक स्वेच्छेने येतील. ती बराच वेळ एकच भांडं पुसत राहिली. विचारात पडली असावी.

दुपारी शिकाऊ बाईंना समजावलं, सरकार म्हणजे माझ्या पायाखालचा जादा ब्रेक. माणसाला चालवूच देत नाही. त्या म्हणाल्या, मग सर, तुम्ही पाय काढा ना त्याच्यावरून. काढला. समोर कचराकुंडी होती. एक दिवा गेला. उदाहरण बदलायला हवं.

९ मार्च
कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टरही उभा आहे. घटनेबद्दल अवाक्षर नाही. मुद्दा एकच, फुटपाथ. हसून हसून ठसका लागला.

बायकोची दाढ दुखतेय, त्याच्याकडेच गेली होती. म्हणाली, काय हलका हात आहे, कळलंसुद्धा नाही.

हलका हात म्हणजे काय?

१० मार्च
बायको दाढ कोरून आली. अर्धा चेहरा बधिर, तासभर बोलायचं नाही. संधी साधून अकराही कलमं वाचून दाखवली. एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटी डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भाषेत ताकद आहे.

१४ मार्च
पुन्हा दवाखाना. नवे कानातले घालून गेली होती. तोंड उघडून झोपलेल्या माणसाचे कान डॉक्टरला दिसतात का? खुर्चीत बसून, मान मागे टाकून आरशात पाहिलं. दिसतात.

आल्यावर विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस? म्हणाली, कलम तीन.

मुद्दा बरोबर आहे. तीन (अ) घातलं: 'पती-पत्नी यास अपवाद.' किरकोळ दुरुस्ती. मूळ तत्त्वाला धक्का नाही.

१७ मार्च
तीन (आ): 'एका दाढेसाठी दोनपेक्षा जास्त खेपा घालू नयेत.' तीन (इ): 'कोणत्याही उमेदवाराने दुसऱ्या उमेदवाराच्या पत्नीच्या तोंडात हात घालू नये.'

छापखानेवाला म्हणाला, साहेब, तुमचं ते मोकळिकीचंच ना? मग हे नये-नये काय? म्हटलं, ही बंदी नाही, मोकळिकीची हद्द आहे. म्हणाला, बरं, हद्द ठळक छापू का?

२१ मार्च
चौकात सभा. माणसं मोजली नाहीत. मी गर्दीच्या राजकारणात पडत नाही. समोर डॉक्टरचा घोळका, आणि त्यात बायको पत्रकं वाटत होती. मलाही दिलं. अहो, घ्या, म्हणाली, दोन्ही बाजूंनी छापलंय. घेतलं.

माझ्यासाठी हेरगिरी करत असणार. बोलली नाही, पण नवऱ्याला कळतं.

२४ मार्च
विचारलं, तिकडच्या गोटातून काय खबर? ती म्हणाली, कसली खबर? माझं मत डॉक्टरांना. शब्द दिलाय. आई भाजी आणायला गेली आणि उखडलेल्या फरशीवर पडली, तेव्हापासून काठी धरून चालते. मला फुटपाथ हवाय.

म्हटलं, माझी बायको असून?

ती म्हणाली, त्यांनी माझ्याकडे मत मागितलं. तोंडातला कापूस काढला, खुर्ची सरळ केली, मला नीट बसू दिलं आणि मग मागितलं. तुम्ही मागितलंत कधी?

म्हटलं, मत मागणं म्हणजे दबाव. माझ्या तत्त्वात बसत नाही.

आणि गृहीत धरणं बसतं का, म्हणाली, आणि दिवा घालवून झोपली.

अकराही कलमं चाळली. गृहीत धरण्यावर एकही कलम नाही.

२६ मार्च, संध्याकाळ
उद्या मतदान. तीन (अ), (आ), (इ) खोडली. दुपारी ती उशिरा आली, तेव्हा काही विचारलं नाही. फार अवघड कलम आहे. लिहिताना एवढं वाटलं नव्हतं.

या बाईकडे मी आजवर काहीच मागितलं नाही. चहा, किल्ल्या, सल्ला, सगळं समोर येत गेलं. त्यामुळे मागताना आवाज कसा लावायचा ते माहीत नाही. गाडीत दोनदा म्हणून पाहिलं. शिकाऊ बाई म्हणाल्या, सर, माझं नाव इथल्या मतदार यादीत नाही.

डॉक्टरच्या घरोघरच्या शेवटच्या प्रचारफेरीसाठी ती दारात चपला घालतेय. पट्टा अडकलाय, तेवढा वेळ आहे. तिने शब्द दिलाय आणि ती शब्द मोडत नाही, हे मला माहीत आहे. वही ठेवून जातो आणि म्हणतो: मला मत देशील का?