अर्धा बैल आणि चार क्रेडिट

प्रिय एमेट,

तुझ्या करड्या घोडीच्या खुराची चीर भरत आली आहे, पण महिनाभर तिला दगडांवर नेऊ नकोस. त्या पायाला आठांऐवजी सहाच खिळे मारलेत. नोरीनवहिनींना सांग, मुद्दाम मारलेत. नाहीतर म्हणतील, लॉइड म्हातारा झाला.

झालोच म्हणा. डॉक्टर म्हणतो, हिवाळ्यात खुब्याचा सांधा बदलायचा, मग घोड्याखाली वाकणं कायमचं बंद. म्हणून पेन्शनची चौकशी करायला शहरातल्या कचेरीत गेलो. तिथली पोरगी म्हणाली, "कर भरलेल्या कमाईवर क्रेडिट मिळतात. पेन्शनला अशी चाळीस लागतात, तुमची छत्तीसच आहेत. वर्षाला फार तर चार मिळतात. तुमची मधली कितीतरी वर्षं कोरीच आहेत, साहेब." मी म्हटलं, "बाई, त्याच कोऱ्या वर्षांनी माझा खुबा खाल्ला!"

मला अजून उलगडा होत नाही. खोऱ्यातल्या निम्म्या घोड्यांना मी नाल मारली. कुणी शिकवलं नाही. फुटके खूर बघत बघत शिकलो. बदल्यात तू अर्धा बैल कापून द्यायचास, कुणी गवत, कुणी जळण. पोरगी म्हणते, मांसही उत्पन्नच, पण ते तेव्हाच कळवायला हवं होतं. आता मुदत गेली. मग यंदा मांसाची किंमत लावून दाखवतो म्हटलं, तर कर रोख भरायचा. "मांस घेत नाही का तुमचं सरकार?" मी विचारलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता. काम झालं, नाल टिकली, मांस खाल्लं, मग वर्ष कोरं कसं? घरी येईपर्यंत हेच डोक्यात घोळत होतं.

छत्तिसांचं काहीच मिळत नाही, एमेट. वाकता येईल असं हे एकच वर्ष उरलंय. तुला आठवतं, एकदा तू माझ्या गाडीच्या सीटवर नोटांचं पाकीट ठेवलं होतंस आणि मी ते तुझ्या कुंपणाच्या खांबाला खिळ्याने ठोकून गेलो होतो? मित्राकडून पैसे घेतो का मी, असं ओरडलोही होतो. यंदा बैल कापू नकोस. चेक दे, कमाई म्हणून दाखवता येईल असा. तू दिलास तर बाकीच्यांकडे मागायला तोंड होईल. सीटवर ठेव, समोर देऊ नकोस. या खेपेला परत आणणार नाही.

तुझाच, वाकता येतंय तोवर,
लॉइड