चार वाजून दहा : सर्व ठीक

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

सकाळी सव्वासातला खोलीवरूनच डेटाबेस चालू केला. लगेच एरर! डेटाबेस उघडतोय, पण नवीन नोंद घेत नाही. लाल ओळ. परत तीच लाल ओळ. दोनदा बंद-चालू केलं, टेबल दुरुस्त करून पाहिलं — ढिम्म. मग कळलं. काल डेटाबेस बंद होता तेवढ्या वेळातले कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलचे संदेश एका फाईलमध्ये साठले होते, आणि ती फाईल शेवटी तुटली होती. तुटक्या ओळीपाशी सगळं अडत होतं.

उघडून वरवर पाहिली. खाली ‘१६:१० चेंबर ३ — मदत’ तीनदा, मग अर्धवट ओळ. म्हणजे पूजेचं पाणी कुणीतरी पॅनेलवरच्या मदतीच्या बटणावर शिंपडलेलं दिसतंय. नीट करत बसले असते तर दोन तास गेले असते, आणि साडेआठची एसटी. फाईल उडवली. एरर गेला. सगळं हिरवं!

सांगलीहून वाईला पोचेपर्यंत जेवणं झाली होती. बाबांनी सोनं दिलं आणि विचारलं, काल तुझ्या यंत्राची पूजा केलीस का? केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नंतर हात लावला नाही. बाबा खूश. आमच्याकडे खंडेनवमीला पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत शिवायचं नाही. शाळेत असताना मी कंपास, पेनं, वह्या, सगळंच मांडायची, अभ्यास टळावा म्हणून. कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरला सुट्टी देता येत नाही, लोकांचा बेदाणा खराब होईल. माझ्या डेटाबेसला देता येते, म्हणून मी दिली. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हौस.

४ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू.

खंडेनवमीला दुपारी चेंबर तीनमध्ये अमोनिया गळला. आम्ही ऑफिसवाले सगळे एक वाजताच घरी गेलो होतो. झाडलोट करणाऱ्या साळूबाई आत होत्या. आता दवाखान्यात आहेत, डोळ्यांवर पट्टी, छातीत जळजळ. डॉक्टर म्हणतात नजर वाचेल.

ड्यूटीवर एकटे आप्पासो. आमचे ऑपरेटर, औंधकडचे, फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांचं म्हणणं असं — चार वाजून दहा मिनिटांनी गॅसचा वास आला, त्यांनी पॅनेलवरचं लाल बटण दाबलं. एकदा नाही, तीनदा. आमचा नियमच आहे, मास्क नसेल तर आत जायचं नाही, बटण दाबायचं आणि मदतीची वाट बघायची. मास्क ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मोबाईल गेटवर जमा, आणि गेटवरही त्या दिवशी कुणी नाही. साळूबाई आत आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वीस मिनिटं कुणी आलं नाही. मग आतून खोकला ऐकू आला, तेव्हा पंचा भिजवून तोंडाला बांधला आणि गेले. साळूबाईंना उचलून आणलं, परत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

बटण दाबलं की संदेश माझ्या सर्व्हरला येतो. सर्व्हर तो डेटाबेसमध्ये लिहितो, आणि लिहिला गेला तरच भोंगा वाजतो, मॅनेजर साहेबांच्या मोबाईलवर मेसेज जातो. डेटाबेस हार घालून बसला होता.

पाणी शिंपडलं म्हणे बटणावर!

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर खोलीत. जेवले नाही. आईचा फोन उचलला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

इंद्रजित साहेब मॅनेजर आहेत, वाईट माणूस नाही. आप्पासो झोपले असणार असं बाकीचे म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं की भांडण नको, ज्ञानदा त्या दिवसाची प्रिंट काढेल, काय ते कळेल.

प्रिंट काढली. सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांना एक ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘सर्व ठीक’. चार वाजून दहा, सर्व ठीक. चार वीस, सर्व ठीक.

त्या ओळी खऱ्या नाहीत. अकराला मी डेटाबेस बंद केला, तिथून पुढे काहीच नाही, रिकामं आहे. पण एप्रिलमध्ये तपासणीला आलेल्या माणसानं रिपोर्टमधल्या रिकाम्या जागांवरून साहेबांना पिडलं होतं. साहेबांनी मला पिडलं. मी एक नियम लिहिला, नोंद नसेल तर आधीची नोंद पुढे ओढायची. रिपोर्ट छान दिसायला लागला. साहेब म्हणाले, पोरगी हुशार आहे.

मला आज तोंड उघडायचं होतं. खरंच होतं. आप्पासोंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, एकेका ओळीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले. परत वरून सुरुवात केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, ह्यात कायतरी ऱ्हायलंय का बघा की.”

बघते म्हटलं. एवढंच म्हटलं!

७ ऑक्टोबर, मंगळवार

उडवलेली फाईल परत मिळते का, दिवसभर तेच. मिळाली तर कुणाला काही सांगावं लागणार नाही — नवीन एरर सापडला, नोंदी सापडल्या, आप्पासो सुटले, मीही सुटले. असा माझा हिशेब. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

८ ऑक्टोबर, बुधवार

नाही मिळाली. डिस्कवर त्या जागी नव्या नोंदी जाऊन बसल्यात. पाच-सहा दिवसांचं तापमान, दर दहा सेकंदांनी. पॅनेलकडे स्वतःची आठवण नाही, ते पाठवतं आणि विसरतं. आता ते तीन शब्द फक्त माझ्या डोक्यात आहेत.

म्हणजे आप्पासोंचा साक्षीदार जगात एकच. आणि तो असला.

११ ऑक्टोबर, शनिवार

साळूबाईंना बघायला गेले. मोसंबी नेली. पट्टी काढलीय, डोळे लालबुंद, पण दिसतंय. मला ओळखलं. हात हातात घेऊन बसल्या. मला वाटलं, इथे सांगावं, हिला तरी सांगावं. तेवढ्यात त्याच बोलायला लागल्या. भोंगा वाजला असता तर मी कवाच भाईर पळाले असते, म्हणाल्या. आप्पासो चांगला माणूस, पण खंडेनवमीचं मटण, त्यात दुपारची वेळ. लागला असेल डोळा. लोक म्हणतात तसंच असणार.

“त्यानंच मला उचलून आणलं, त्ये मी इसरणार न्हाई,” म्हणाल्या. “पर झोपला नसता तर ही येळच आली नसती, व्हय का न्हाई?”

व्हय म्हटलं मी. तोंडातून गेलं. जिन्यात येऊन रडले, मग रुमाल ओला करून तोंड पुसलं आणि सिटी बसनं परत आले. मोसंबी त्यांनी मलाच दोन परत दिली होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्वतःशी खोटं बोलणं किती सोपं! एप्रिलचा नियम साहेबांच्या सांगण्यावरून. भोंगा डेटाबेसवर अवलंबून ठेवला तो पॅनेलवाल्यानं. पूजा तर अख्ख्या सांगलीनं केली. असं एकेक वजा करत गेलं की माझ्या वाट्याला काहीच उरत नाही. मग ती फाईल आठवते. मी वाचली होती. मदत, मदत, मदत. वाचून उडवली, एसटी चुकेल म्हणून.

भीती कशाची, तेही लिहून टाकते. दिवाळीनंतर मला कायम करणार आहेत. आणि बाबा. वाईत भेटेल त्याला सांगतात, आमची ज्ञानदा अख्खं कोल्ड स्टोरेज कॉम्प्युटरवर चालवते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शुक्रवारी चौकशी. संचालक येणार. आप्पासोंना तोवर घरी बसवलंय.

गेटवरची माणसं त्यांना ‘कुंभकर्ण’ म्हणतात. आज मी चहा घेत असताना कुणीतरी तेच म्हणालं आणि सगळे हसले. मी हसले नाही, पण चहा पूर्ण प्यायले.

सर्व्हरवर एप्रिलचा तो नियम काढून टाकला. आता त्या दिवसाचा रिपोर्ट काढला तर अकराच्या पुढे रिकामं दिसतं. कुणी परत काढायला सांगत नाही. कुणाला गरज वाटत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, काय गं? प्रिंटरचा टोनर संपलाय म्हटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज आप्पासो आले. इस्त्रीचा शर्ट, हातात वहीचं फाडलेलं पान. माझ्या टेबलाशी उभेच राहिले. बसा बसा म्हटलं तरी बसेनात. हे मराठीत टाईप करून द्या म्हणाले, उद्या साहेबांसमोर ठेवायचं आहे. साहेबांनी सुचवलंय — कबूल केलं तर पोलिसात जाणार नाहीत, राजीनामा घेऊन विषय मिटवतील.

पानावर त्यांच्या जाड अक्षरात लिहिलं होतं : मी ड्यूटीवर असताना मला झोप लागली. बटण दाबले नाही.

म्हटलं, आप्पासो, पण तुम्ही दाबलं म्हणत होतात ना?

“मी लय इचार केला ताई,” ते म्हणाले. “बटण दाबल्यालं मला आठवतंय. ह्या बोटानं. पर कागुद म्हनतोय दाबलं न्हाई. मशीन कशापायी खोटं बोलंल? तिचं काय माझ्याशी वैर हाय? मग माझंच डोस्कं फिरलं आसंल. सपान पडलं आसंल मला, बटण दाबल्याचं.”

मी कीबोर्ड पुढे ओढला, परत मागे सारला.

“फौजंत सतरा वर्सं पहारा दिला. बर्फात दिला. एकदा डोळा लागला न्हाई,” म्हणाले. “आता घरची बी इचारत्यात, खरं काय त्ये सांगा. काय सांगू? मलाच ठावं न्हाई.” रात्री झोपायची भीती वाटते, असंही म्हणाले, उठल्यावर काय खरं काय खोटं कळेल का म्हणून. हे सगळं ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. दवाखान्यात दुखणं सांगावं तसं सांगत होते.

आणि मी काय केलं? पान घेतलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं. उद्या दहाला या, म्हटलं. तयार ठेवते.

नोकरी जाईल एवढाच विचार मी करत होते इतके दिवस, त्यांची किंवा माझी. माणसाचं डोकंच काढून घेतलं मी. घरी येऊन भांडी घासली, कपडे धुतले, परत भांडी घासली. लाज वाटते. स्वतःच्या हाताकडे बघायची लाज वाटते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

टाईप केलं. एक पान.

आप्पासो दहाला आले. चष्मा विसरले होते. सही कुठं करायची एवढंच विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं. मी पान ओढून घेतलं. म्हटलं आधी ऐका. उभ्यानंच वाचलं — खंडेनवमीला डेटाबेस मी बंद केला, भोंगा म्हणून वाजला नाही. आप्पासोंनी चार वाजून दहा मिनिटांनी तीनदा बटण दाबल्याचं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुसलं. प्रिंटवरचं ‘सर्व ठीक’ माझ्या नियमानं भरलेलं आहे, खरं नाही.

चिडतील असं वाटलं होतं. ते हळूच खुर्चीत बसले. कितीतरी वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिले.

“म्हंजी मी जागा हुतो,” म्हणाले.

व्हय म्हटलं. त्यांच्याच पेनानं सही केली आणि साहेबांच्या खोलीत गेले.