तुमच्या कन्येने आमचे सेक्टर मोडीत काढले, त्याबद्दल

ती. भाऊजी यांना साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) आपल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ताईकडून कळलं, बरं वाटलं. डॉक्टरांनी वाचायची मनाई केली असेल तर हे पत्र ताईकडून वाचून घ्या. मात्र तिला बजावा की मध्येच ‘माझी पोर तशी नाही’ असं पदरचं घालायचं नाही. ते यात लिहिलेलं नाही. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम नाही. कारण आपली कन्या.

आमचा धंदा आपल्याला ठाऊक आहे, तरी आपण लोकांना तो ‘रेडिओ दुरुस्ती’ म्हणून सांगता, तेव्हा पुन्हा एकदा सांगतो. मी पंप दुरुस्त करत हिंडायचो तेव्हा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत काय बिनसलंय ते ऐकायचं, अशी माझी रीत होती. एक कान सगळीकडे पुरेना, म्हणून मी तो डबा बनवला. पंपाला चिकटवला की तो अहोरात्र ऐकतो, आणि आवाज बिघडला की त्या क्षणाचा तुकडा आतल्या चिपमध्ये जपून ठेवतो. बिघडलेला आवाज कोणता, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला आहे, कॉलेजची पायरी न चढता. (आपण चढला होतात, हे मला माहीत आहे. आपल्या लग्नात ते मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं.) बाकीचं सगळं गेली काही वर्षं आपली कन्या पाहते. चांगलं पाहते. हे वाक्य तिला वाचून दाखवू नये.

तर ती चिप म्हणजे एका ओळीत खोल्या असलेलं लांबलचक लॉज समजा. प्रत्येक खोलीत पाचशेबारा बाइट, म्हणजे पाचशेबारा अक्षरं मावतात. या खोलीला सेक्टर म्हणतात. आणि दारात एक व्यवस्थापक बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आम्ही त्याला सांगायचो, सोळा नंबरच्या खोलीत हे ठेव, तो ठेवायचा. इतकी साधी, माणसासारखी व्यवस्था. पण ती चिप बाजारातून बंद झाली, आणि नवी आली तिची खोली आठपट मोठी. म्हणजे ‘सोळा नंबर’ म्हटलं की जुन्या डब्यात सामान एकीकडे जाणार आणि नव्यात भलतीकडेच. यावर आपल्या कन्येने फर्मान काढलं की यापुढे कोणीही खोलीचा नंबर सांगायचा नाही. फाटकापासून बाइट मोजायचे आणि तो आकडा सांगायचा. सोळा नंबरची खोली म्हणजे आता आठ हजार एकशे ब्याण्णव. मी म्हटलं, अगं, उद्या पाहुणे घरी यायला निघाले तर त्यांना घर नंबर सांगशील की फाटकापासूनची पावलं? ती म्हणाली, “मामा, खोली केवढी ते चिपगणिक बदलतं. बाइट सगळीकडे बाइटच असतो.” बोलणं असं तोडून टाकण्याची ही लकब आपल्याकडून आली आहे, आमच्या घराण्यात नाही. आणि वर ऐका. आकडा बाइटचा सांगायचा, पण तो बरोबर खोलीच्या दारावरच पडला पाहिजे; मधल्या भिंतीवर पडला तर व्यवस्थापक सामान परत करणार. मग खोल्यांनी काय घोडं मारलं होतं, हे मी विचारलं. उत्तर म्हणून ती हसली.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मी अर्थात काहीही बदलणार नाही, असं मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. यामागे केवळ तत्त्व होतं. (तत्त्वाला एक दुसरं कारणही लागून होतं, ते सांगतो. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे. मी कान लावून बसत नाही. माझे कान आपोआपच लागतात, त्यांच्यावरच तर धंदा उभा आहे. एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं आहे, आणि ती फोनवर म्हणत होती, “हे सेक्टरचं काम संपलं की कळवते.” आता आपणच सांगा, हे काम संपवण्याची घाई मी का करावी?) जायचं तर खुशाल जा म्हणावं. मी काही कोणाला धरून ठेवलेलं नाही.

पण पंपघराच्या साहेबांसमोर डबा दाखवायचा दिवस ठरला, आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. माझा प्रोग्रॅम जुन्याच पद्धतीने नंबर सांगत राहिला तर सगळं फसणार, आणि परक्या माणसासमोर मान खाली जाणार तिची. कशीही असली तरी आपली पोर आहे. म्हणून ती जेवायला गेलेली पाहून मी गुपचूप माझ्या प्रोग्रॅममध्ये शिरलो, प्रत्येक नंबराला पाचशेबाराने गुणलं, आणि तोंड धुऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसलो.

पंपघरात मी पंपाचा एक बोल्ट सैल केला. पंप असा ओरडायला लागला की बहिऱ्यालाही कळावं. डब्याने ऐकलं, तुकडा उचलला, ठेवायला गेला, आणि पडद्यावर आलं: पत्ता चिपच्या बाहेर आहे. साहेब म्हणाले, “तुमचं यंत्र ऐकतंय चांगलं, पण राहतं कुठे?” मी आपल्या कन्येकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग तिने हळूच विचारलं, “मामा, तुम्ही गुणाकार केलात?” मी म्हटलं, केला, मग? आणि तेव्हा भाऊजी, जे बाहेर आलं ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामा काही बदलणार नाही असं गृहीत धरून या बाईने ड्रायव्हरच्या दारात माझ्यासाठी एक स्वतंत्र दुभाषी बसवला होता. मामाकडून नंबर आला की तो पाचशेबाराने गुणून पुढे धाडायचा. का, तर मामाला त्रास नको. मला न सांगता! मला गुणाकार येत नाही काय? (न सांगता मीही केला होता, हा मुद्दा तिने काढला. तो वेगळा मुद्दा आहे.)

दोनदा गुणलेला नंबर लॉज ओलांडून पार शेतात गेला होता, एवढंच. साहेबांनी पुन्हा दाखवा म्हटलं. मी माझ्या लॅपटॉपवर वळलो, ती तिच्या. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, लहान आहे, तिचं राहू दे, आणि माझा गुणाकार काढून टाकला. पुन्हा बोल्ट सैल केला, पुन्हा पंप ओरडला, पुन्हा पडद्यावर अक्षरं: आकडा दारावर पडत नाही. का? तर तिने मनाशी म्हटलं, जाऊ दे, मोठे आहेत, आणि दुभाष्याला घरी पाठवलं. आता कोणीच गुणत नव्हतं. साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तुमच्या दोघांचं भांडण असतं तर हे आतापर्यंत चालू झालं असतं.” मग तिने मला दोन्ही हात वर धरायला लावले (या वयात, परक्या माणसासमोर), आणि माझ्या लॅपटॉपवर माझा गुणाकार स्वतःच्या हाताने परत घातला. डबा चालला. जुन्या चिपवर चालला, नव्या चिपवर चालला. (प्रत्येक तुकड्याला मी पहिल्यापासून आठ-आठ खोल्या देत आलो आहे, म्हणून आकडा नव्या दारांवरही बरोबर पडला.) साहेबांनी सगळ्या पंपांना लावायचं कबूल केलं, आणि निघताना मला म्हणाले, “मुलगी सोडू नका.” लोकांना दुसऱ्याच्या घरात बोलायची फार हौस.

असा सगळा प्रकार आहे. तरी आपण वडील या नात्याने तिला चांगली समज द्यावी, एवढ्यासाठीच हे पत्र. ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. समज देण्याची गरज नाही. ती येत्या आठवड्यात आपल्याला विचारणार आहे की त्या कंपनीत जाऊ की इथेच राहू. आपला स्वभाव लगेच उत्तर देण्याचा आहे, आणि उत्तर काय असेल तेही मला माहीत आहे. या एका बाबतीत आपण, जमेल तितका, आळस करावा ही कळकळीची विनंती.

पुन्हा ता. क. आमच्या डब्यातलं घड्याळ सगळीकडे सेकंदांत मोजतं, हे मला काल सकाळपासून फार गावंढळ वाटायला लागलं आहे. ते मिलिसेकंदांत करायला हवं, आणि एकेका जागी जाऊन, सावकाश, नीट करायला हवं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मामा, याची काही गरज आहे का?” मी म्हटलं, गरजेचं मी बघतो, तू किती महिने लागतील ते सांग. ती म्हणाली, दोन दिवस. भाऊजी, पोरीला इतकं शिकवायचं खरंच काही अडलं होतं का?