बाळकुमच्या मिठागरातलं काश्मीर

बाळकुम, ता. २१ मे १९५३

श्रीयुत कांतिराज यांस (म्हणजे काळू, तुलाच रे, पण पडद्यावरचं नाव घातल्याशिवाय तुझा मॅनेजर पत्र आत नेत नाही असं ऐकलंय) नाथा मुकादमाचा नमस्कार.

तुझी प्रकृती उत्तम असणार. परवा मासिकात फोटो पाहिला, गालांवर तेज आहे. थोडं रंगाचंही असेल. इकडे आम्ही मजेत. माझ्या अंगभर घामोळं उठलंय, त्याला कारण तूच, ते पुढे येईलच.

दहा दिवसांमागे तू आमच्या मिठागरात काश्मीरच्या बर्फाचं शूटिंग घ्यायला आलास तेव्हा मला वाटलेलं, शाळेतला दोस्त म्हणून हाक मारतोयस. तू माझी उंची बघितलीस, खांदे बघितलेस आणि तुझा लोकरी ओव्हरकोट चढवून मला मिठाच्या राशीवर उभं केलंस. नट तू, दिग्दर्शक तू, निर्माताही तूच. तू क्यामेऱ्यातून बघणार तर तुझ्या जागी बर्फात उभं कोण राहणार, हे तुझं म्हणणं रास्तच होतं. (भर वैशाखात, लोकरीत. असो.) तुझ्या नायिकेला, चित्राबाईंना, तू बर्फात पडायला लावलंस, मीठ डोळ्यांत गेलं, त्या खरंच रडल्या आणि तू खूश झालास. मग दिग्दर्शक म्हणून म्हणालास, पुन्हा एकदा. निर्माता म्हणून म्हणालास, फिल्म संपत आली, पुरे. आणि नट म्हणून रुसून छत्रीखाली जाऊन बसलास. टोपल्या वाहणाऱ्या आमच्या बायका काम सोडून बघत होत्या. त्यांतल्या हौसाबाईचं मत पडलं की तुझ्या अंगात येतं, आणि तेही तिघं एकदम.

पण काळू, चारच्या सुमाराला उन्हं कलली आणि मला काहीतरी झालं. वीस वर्षं त्या राशी बघतोय, टोपल्या मोजतोय, पण माथ्यावर उभं राहून कधी बघितलंच नव्हतं. चहूकडे पांढरं, खाडी निळी, पलीकडचे डोंगर हवेत उचलल्यासारखे, आणि वाऱ्याने भुरभुर उडणारं मीठ. मला चक्क थंडी वाजली. हसू नकोस, मी कोटाची कॉलर वर केली. मी मुकादम आहे, घरी बायको, लक्ष्मी आहे, हे सगळं कुठेतरी खाली राहिलं. वाटलं, आता असंच चालत पलीकडे उतरावं, कुणी हाक मारेपर्यंत. तुला हे रोज होत असेल. म्हणूनच घर विसरत असशील का, असंही मनात आलं.

तेवढ्यात तुझी आई, आवडाबाई, काठी टेकत रास चढून आली. मोतीबिंदूने तिला आता माणसाचा नुसता आकार दिसतो. तिने कोट चाचपला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कवरा सुकलास र कालू," म्हणाली. मग खाली हात लावून बघितलं आणि म्हणाली, "आदी ते बूट उतरव. मिठावर बूट घालून कोन उबा र्‍हातय?" मी मुकाट्याने बूट काढले. मी नाथा आहे, हे शब्द तोंडाशी आलेले, पण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी आणखी खाली वाकलो. क्यामेरा चालू होता. काळ्या कापडाखालून तू "कट" म्हणाला नाहीस. फिल्म संपली तशी खडखड थांबली. मग तू काळा चष्मा लावलास, सामान लॉरीत टाकायला सांगितलंस आणि तीनशे पावलांवरच्या तुझ्या घरी न जाता निघून गेलास. बापाशी भांडून गेलेलास, त्याच्या दिवसांनाही आला नाहीस, म्हणून तोंड दाखवायला धजत नसशील, एवढं मला कळतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कोट घालून, काळू बनून तुझ्या आईकडे जातो. (लक्ष्मी विचारते, तुमचं नाटक किती दिवस चालणार. चुलीवरून नजर न काढता विचारते, ते जास्त लागतं.) तुझी सगळी कारकीर्द मी तिला सांगितली, जशी सुचली तशी. आधी गर्दीत भाला धरून उभा राहिलास, मग खलनायकाचा धाकटा भाऊ झालास, मग नायक. दिग्दर्शक तुला खांबाआड उभं करायचे म्हणून दिग्दर्शक झालास, आणि निर्माते तुझं ऐकेनात म्हणून निर्माता. पडद्यावर पितोस ती दारू म्हणजे कोरा चहा असतो आणि नटीला जवळ घेतोस तेव्हा लक्ष दिव्यांकडे असतं, हेही सांगितलं. ती ऐकते, भाकरी आणि सुकट वाढते. परवा मात्र घोळ झाला. विठ्ठलवाडीच्या शीला नावाच्या मुलीचं स्थळ तुला आलं आणि तुझ्या आईने मला सरळ विचारलं. नाही म्हणायला सुचलं नाही. तेव्हा तुझं जवळजवळ ठरलंय, अभिनंदन.

बापाच्या वेळी का आला नाहीस, हेही तिने काल विचारलं. तेवढं मात्र मी रचून सांगितलं नाही. ते उत्तर तुझं तूच द्यावंस.

तुझा,
नाथा

ता. क. कोट माझ्याकडेच राहिलाय. पोस्टाने पाठवला तर चुरगळेल, तेव्हा स्वतः येऊन घेऊन जा. बायकोला तो माझ्या अंगावर बघवत नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी मनाला टोचणी लागली, म्हणून आवडाबाईकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "नाथा, माजे डोले गेलेन, हात नाय गेले. पयल्याच दिवशी समजला मला. कालू त्या कापडाखाली व्हता, चार लोकांत त्याला कशाला शरमवू?" मग मी इतके दिवस येत होतो त्याचं काय, असं विचारलं, तर म्हणाली, त्याच्याविषयी बोलायला कोणीतरी येत होतं, बरं वाटायचं. तुला कळवायला सांगितलंय की आई पार आंधळी झाली, निदान तेवढ्याने तरी येशील. बाकीचं लिहू नको म्हणाली होती. तेव्हा आलास की तुला काही ठाऊक नाही असं धरून चाल, आणि उंबऱ्यात गप्प उभा राहा. ती तुला चाचपून ओळखणार आहे, तसं तिने ठरवून ठेवलंय.