संयोगिताला न सांगितलेलं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. विश्वजितराव यांस, गणपतरावांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तुम्ही 'बरं हाय' म्हणून ठेवून देता, म्हणून कागद घेतला. संयोगिता माहेरी येऊन सव्वा महिना झाला. काही विचारलं की भांडी घासायला उठते. काल तिच्या आईनं फारच धरलं तेव्हा एवढंच म्हणाली, की ह्यांना मी नकोय, दोन वर्षांत ओळखलंय मी. हात उचलला का, दुसरी कोण हाय का, दोन्हीला न्हाय म्हणाली.

तुमच्या फिट्सचं तुम्ही लग्नाआधी तोंडावर सांगितलं होतं, म्हणून तर मी मुलगी दिली. आताही तसंच सांगा. वाईट ऐकायची ताकद हाय, वाट बघायची राहिली न्हाय.

पत्राला पत्र यावं, एवढाच लोभ.
गणपतराव


कागल
२१ जानेवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. सासऱ्यांना हे लिहायचं म्हणजे मान खाली जाते, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तिच्यात काही खोट नाही. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत माझ्याकडून नवरेपण होईना. कधी इच्छाच नसायची, असली तर शरीर साथ देईना. दमलोय म्हणून कूस बदलायचो. मग कामावर जादा पाळ्या मागून घ्यायला लागलो. फिटच्या गोळ्यांनीच हे होतंय असं मनानंच ठरवलं आणि दिवाळीनंतर गुपचूप त्या बंद केल्या. फरक काही पडला नाही. ती गेल्यावर आठवड्यात कंपनीत मशीनवरच फिट आली. खांद्याला सहा टाके पडले. आता स्टोअरला बसवलंय.

शाहूपुरीतल्या डॉक्टरांना शेवटी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचंच मला रडू आलं. म्हणाले, फिट येणाऱ्या कितीतरी पुरुषांना हा त्रास असतो, बोलत कुणी नाही. आजारानं होतो, काही औषधांनी होतो, काळजीनं वाढतो. रक्तातले हार्मोन तपासायला दिलेत. गोळी तेच हळूहळू बदलतील. मनानं बंद केली तर जिवावर बेतेल, असं दरडावलं. गुरुवारी, सहा तारखेला, बायकोला घेऊन या म्हणाले. कुठल्या तोंडानं बोलावू? तिला सांगू नका.

मामींना नमस्कार. तुमच्या मनात जागा राहिली असेल तर ती राहू द्यावी.
आपला
विश्वजित


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१ फेब्रुवारी

चि. विश्वजितराव यांस, आशीर्वाद.

सांगू नका म्हणालात, पण पत्र मी तिच्या हातात दिलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मूल न्हाय म्हणून वर्षभर तिच्या आईनं तिलाच दवाखान्यात फिरवलं, तिचंच रक्त काढलं, तिलाच उपास धरायला लावले. तुम्ही जवळ येत न्हाय हे तिला ठाऊक होतं, तरी तुमचं नाव तिनं एकदाही घेतलं न्हाय. आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला.

तिनं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं रडेल, तर ती भडकली. म्हणाली, एका वाक्यात सांगितलं असतं तर मी आरशापुढं स्वतःला नावं ठेवत बसले नसते, आणि ह्यांनी गोळ्याही सोडल्या नसत्या. मग खांदा उजवा का डावा, ते विचारलं. मला कुठं ठाऊक?

गुरुवारी ती येते आहे. तिथनं कागलला येईल का इकडंच परतेल, ते बोलली न्हाय. तुम्हीही विचारू नका. डॉक्टरांपुढं मात्र तिच्या देखत सगळं बोला, एक शब्द गाळू नका. ती तेवढ्यासाठीच येते आहे.

तब्येत सांभाळा. लोभ आहेच.
गणपतराव