तिसऱ्या गाण्यातला हॉर्न

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या पंक बँडचा पहिला अल्बम आला आणि एका परीक्षणात छापून आलं की पोरांत जोश आहे, पण तिसऱ्या गाण्यात मध्येच ट्रकचा हॉर्न वाजतो, किती हा निष्काळजीपणा! मला ते एवढं का झोंबलं? काल ती ओळ पुन्हा गायलो, हॉर्न काढला, गाणं ऑनलाइन नव्याने चढवलं. जुनी फाइल पुसूनही टाकली. कोणाला विचारलं नाही.

आज मुबीन आला, आमचा ड्रमर. त्याचे अब्बा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रक चालवायचे. विचुंब्यातल्या आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीवरून जाताना हॉर्न द्यायचे, दोन लांब, एक आखूड. पोराला सलाम. अल्बम यायच्या आधीच गेले. हे सगळं मला ठाऊक होतं. मग काल तो मला नुसता हॉर्न कसा वाटला?

मुबीन हेडफोन लावून तिसरं गाणं ऐकत बसला. त्या ओळीपाशी थांबला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं.

वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

हेडफोन काढून म्हणाला, "मस्त साफ झालंय रे आता."