कॉफीला डिग्री आहे, मला नाही

मेलकावेरी, कुंभकोणम
मासी मगमच्या सणाच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप सौ. राजेश्वरीअक्काच्या पायांशी धाकटी चुलतबहीण सीतालक्ष्मी हिचा, हातातली पळी बाजूला ठेवून केलेला साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. तिकडे सांगलीत भावोजींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू ‘बरा आहे’ असे लिहिले होतेस, पण ते अक्षर फार घाईतले वाटले, म्हणून पुन्हा पुसते. (‘पुसते’खाली लाल रेघ ओढू नकोस. तुमच्याकडे ‘विचारते’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण भावोजींचा गुडघा फडक्याने पुसायला मी इतक्या लांबून येणार नाही, एवढे तर तुला समजते ना.) तू मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झालीस, तुझे लाल पेन मात्र अजून नोकरीवर आहे. तीस वर्षे माझी पत्रे तपासून परत पाठवलीस, त्याचा मला राग येत आला, आणि त्या रागातूनच मी तुमच्यासारखे लिहायला शिकले. नाहीतर आमच्या तंजावरकडच्या घरांतली मराठी ऐकून तुझ्या लग्नात भावोजींच्या मामांनी पुसले होतेच, की हे नाटक किती अंकी आहे.

आता खरी हकीकत. अक्का, मी एक्कावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घातले आहे. घाबरू नकोस, घरी बसून शिकायचे आहे. विषय आहारशास्त्र. बारा वर्षे मी पथ्याचे डबे करते हे तू जाणतेस. साखरेचा त्रास असलेले, ऑपरेशन झालेले, बाळंतिणी, तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेच्या दर्शनासाठी येऊन इथे नातेवाइकांकडे उतरलेल्या पोटुशी बायका, सगळे माझ्या हातचे जेवतात. स्टेशनजवळच्या एका दवाखान्यातच रोज चाळीस डबे जातात. त्या दवाखान्याने आता नियम केला, की डब्यावर आहारशास्त्र शिकलेल्या माणसाचे नाव हवे. मी या नियमावर रागावून पाहिले, पण राग टिकला नाही, कारण नियम चांगलाच आहे. तिथली आहारतज्ज्ञ पवित्रा चोवीस वर्षांची पोर आहे, माझी डांगर पचडी मागून मागून खाते. (उडदाचे पीठ आणि दही, तू सांगलीत ती करणे सोडलेस हे मला कळले आहे.) तिने माझ्यासाठी रदबदली केली. मी कुठेतरी प्रवेश घ्यायचा, आणि पहिले वर्ष पास झाल्याचा कागद आणून दाखवायचा, तोवर ती सही करील. नापास झाले तर चाळीस डबे बंद. मग आमच्या घरची मोठी चूल पेटवायची ती कोणासाठी?

पोटाची गोष्ट आहेच, पण मनालाही एक लागले आहे, ते तुला सांगून टाकते. एका पेशंटच्या मुलाने माझ्यासमोरच पवित्राला म्हटले, हिचे कशाला ऐकायचे, ही तर नुसती स्वयंपाकीण. स्वयंपाकीण मी आहेच, त्यात खोटे काही नाही. त्या ‘नुसती’ने मात्र दोन दिवस माझ्या हातून मीठ चुकत होते. आमच्या यांनी (पितळी भांड्यांच्या दुकानात दिवसभर समयांशी बोलून हे फार मोजके बोलणारे झाले आहेत) तिसऱ्या दिवशी अळणी सार पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “या गावांत कॉफीस डिग्री हाय. तुला नाही म्हणजे बरें दिसत नाही.” तुला आठवते ना, इथे पाणी न घातलेल्या दुधाच्या कॉफीला ‘डिग्री कॉफी’ म्हणतात. हमरस्त्यावर पावलोपावली तिच्या पाट्या आहेत. पंचवीस पावलांवर एक पदवीधर कॉफी, आणि मी बारावी पास.

कोर्स शोधणे म्हणजे मुलीला स्थळ शोधण्याहून अवघड, कारण इथे मुलगीही मीच आणि पत्रिका घेऊन हिंडणारी आईही मीच. कोपऱ्यावर अलमेलुमामींचे झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचे दुकान आहे. सगळ्या गल्लीचे फॉर्म त्याच भरतात. त्यांना मी तमिळमध्ये सांगितले, की मला ‘सत्तुणवु’ शिकायचे आहे. शब्दाचा अर्थ पौष्टिक अन्न, चूक काहीच नाही. पण इकडे शाळेतल्या दुपारच्या जेवणालाही सत्तुणवु म्हणतात. मामींनी माझा फोटो चिकटवून शाळेतल्या स्वयंपाकिणीच्या जागेचा अर्ज तयार केला, वय कमी लिहू का असेही आपुलकीने पुसले. शिकायला जावे आणि पुन्हा चुलीपाशीच यावे असा योग होता, तो थोडक्यात चुकला.

मग एका जाहिरातीवर मामींनी माझा नंबर टाकला आणि त्या दिवसापासून एका गोड आवाजाच्या माणसाने माझा पिच्छा पुरवला. मी डाळ फोडणीला घातली की याचा फोन. सहा महिन्यांत पदवी म्हणे, आणि सवलत फक्त आजच्या दिवस. (ती सवलत सतरा दिवस ‘आजच’ होती.) परीक्षा कुठे द्यायची, असे मी पुसले तर म्हणाला, मॅडम, परीक्षेची काळजी आमच्यावर सोडा. अक्का, आपले पथ्य दुसऱ्याने पाळून आपला रोग बरा होतो का? मी विद्यापीठाच्या मान्यतेचा कागद मागितला तेव्हा त्याच्याकडे आवाज ऐकू येईनासा झाला. त्यानंतर एक कोर्स मिळाला तो सर्वगुणसंपन्न, पण दर रविवारी चेन्नईला जायचे, आणि रविवारी पेशंटना भूक लागत नाही असा शोध अजून कोणी लावलेला नाही. तिसऱ्याची फी ऐकून हे दुकानातल्या समयांकडे एकेक करून पाहू लागले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून घरी आणले. शेवटी एक मुक्त विद्यापीठ मिळाले. फी आमच्या आवाक्यातली, परीक्षा खरी, मान्यता खरी (यांनी पवित्राला दोनदा पुसून खात्री केली), आणि देशातल्या कितीतरी भाषांत शिकण्याची सोय. इथेच माझे बारा वाजले.

फॉर्म मामी भरत होत्या. नाव, गाव, जन्मतारीख झाली आणि त्यांनी पुसले, भाषा? मी ताठ बसून सांगितले, मराठी. आता तूच सांग, आपल्या घरातले कोणी दुसरे काय सांगेल? माझ्या अप्पांची शिस्त तू पाहिली आहेस. शिरगणतीवाला दारात यायचा, आपण सगळी त्याच्याशी तमिळमध्ये बोलायचो, म्हणून तो न पुसताच तमिळ लिहून मोकळा व्हायचा. मग अप्पा त्याला बसवून, कॉफी पाजून, ते खोडून घ्यायचे. आपल्याला ओळीत उभे करून सांगायचे, “कोणीं भाषा पुसलें तर मराठी म्हणून सांगा. भिऊं नका.” रेशनकार्ड असो, शाळेचा दाखला असो, माझे उत्तर चाळीस वर्षे तयार आहे. फक्त या फॉर्मला माझी मातृभाषा नको होती, शिक्षणाचे माध्यम हवे होते. दोन महिन्यांनी पुस्तकांचा गठ्ठा आला तो सगळा मराठीत. ‘मुदत संपली, आता माध्यम बदलता येत नाही’ असे म्हणतात.

तुला वाटेल, त्यात काय बिघडले, अक्षर तर वाचता येते. अक्षर येते गं, पण तुमच्या मराठीत अन्नाला जी नावे आहेत ती आपल्या पूर्वजांनी इकडे येताना बरोबर आणली नव्हती. ‘प्रथिने’ हे मी ‘प्रतिदिने’ असे वाचले आणि तीन पाने समजत होते, की रोज काहीतरी खायला सांगताहेत. ‘कर्बोदके’ पाहून हे म्हणाले, उदक म्हणजे तर्पणाचे पाणी, तेव्हा हे एखादे तीर्थ असावे. ‘तृणधान्ये’ वाचून दाखवल्यावर त्यांनी एवढेच पुसले, की मला आजपासून गवत घालणार का. आधीच त्यांची साखर वाढलेली, त्यात मी पहिल्या धड्यापासून दुकानातला तराजू आणून त्यांच्या इडल्या तोलते आहे. बिचारे तक्रार करत नाहीत. पुस्तकाची पाने सुटू लागली तेव्हा त्यांनीच बसून शिवली.

खरा घात केला ‘मोड आलेली कडधान्ये’ यांनी. कडै म्हणजे तमिळमध्ये दुकान. तेव्हा कडधान्य म्हणजे दुकानातले धान्य, रेशनचे, हे मी एका क्षणात ओळखले. आणि मोड आलेले म्हणजे मोडलेले, कण्या झालेले. पुस्तकात लिहिले होते, की गरोदर स्त्रीला हे अवश्य द्यावे. अक्का, माझा संताप झाला. पोटुशी बाईला रेशनच्या दुकानातला मोडका माल? स्वाध्यायात नेमका त्यावरच प्रश्न होता. मी चार पाने लिहिली. भाषा सांभाळायचे भान राहिले नाही, आईच्या तोंडची निघाली: “गर्भिणीस ऐसें मोडकें धान्य देणें हा अन्याय होय. तीस ताजें, निवडिलेलें, ऊन ऊन अन्न द्यावें, आणि ती जेवितां कोणीं तीस बोलूं नये.” पुढे कोणत्या महिन्यात काय, ओकारी येत असल्यास काय, रक्त कमी असल्यास काय, हे सगळे आईने सांगितले तसे लिहिले.

स्वाध्याय तपासून परत आला. (लाल शाई पाहून मला तुझीच आठवण झाली.) तपासणाऱ्या बाईंनी लिहिले होते, “कडधान्य म्हणजे मूग, मटकी, हरभरा, मोड म्हणजे कोंब. या उत्तराला गुण नाहीत. पण आहाराविषयी पुढे जे लिहिले आहे ते बरोबर आहे, पूर्ण गुण. भाषा एखाद्या बखरीतून उतरवल्यासारखी आहे. आपण कोण आहात?” शंभरात बावन्न मिळाले. तो कागद मी देवघराशेजारी लावला आहे. पण अक्का, दोष तुझाही आहे. तीस वर्षांत तू मला एकदाही कडधान्याविषयी लिहिले नाहीस.

असो. नाचता येईना अंगण वाकडे. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला रोज तिळाचे तेल कोमट करून लावावे. (हे पुस्तकात नाही.) उत्तर सवडीने पाठव, मला काहीही नको आहे, केवळ खुशाली कळवायची होती.

तुझी धाकटी,
सीतालक्ष्मी

ता. क. एक लिहायचे राहिले. मराठी माध्यमाच्या परीक्षेची केंद्रे फक्त महाराष्ट्रात आहेत. यादीत सांगलीतले एक कॉलेज होते, तुझ्या घरापासून दोन रस्ते सोडून. ते मी आठ महिन्यांपूर्वीच निवडले. जून महिन्यात परीक्षा आणि प्रात्यक्षिक मिळून बारा दिवस आहेत. आदल्या वीस दिवसांत तू मला शिकवायचे आहेस, म्हणजे बत्तीस. तिकीट काढून झाले. इतके दिवस यांचे जेवण पवित्रा पाहणार आहे, तीही तोलूनच.

पुन्हा ता. क. वर ‘माध्यम बदलता येत नाही’ असे लिहिले, ते आजच्या घडीला खरे आहे. पुस्तके आल्यावर मात्र पंधरा दिवसांची मुदत होती. मामींनी पान उघडून दिले, तमिळवर बोट ठेवायचे एवढेच काम होते. तमिळमध्ये मी डोळे मिटून पास झाले असते. चाळीस डबे पणाला लागले आहेत हेही कळत होते. पण पहिल्या पानावर छापले होते, ‘आईचे दूध हा बाळाचा पहिला आहार’. आईने मला कढी कधी, पेज कधी, हे सगळे याच भाषेत शिकवले. आमचा मुलगा हेमंत मला तमिळमध्ये उत्तर देतो, त्याची मुलगी मला आजी न म्हणता तमिळमधले ‘पाटी’ म्हणते, आणि ही भाषा आता माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. ती पुस्तकात छापून, टपालाने, माझ्या नावावर दारात आली होती. तिला मी परत कशी पाठवणार? हे म्हणाले, राहूं दे, होईल तें होईल. तेव्हा राहू दिले.

शेवटचे ता. क. या पत्रातल्या सगळ्या चुका लाल शाईने काढून परत पाठव. या वेळी राग धरणार नाही. फक्त एवढे कर, ‘पुसते’ राहू दे.